एक घर पुढे

३ जुलै, गुरुवार
संपादकांचा फोन. "तुमच्या 'बंगळूरचं पत्र' सदरात या वेळी बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्यांचं करिअर घ्या. बारावीची पोरं वाचतात. आधी काय शिकायचं, मग काय, मग नोकरी. सरळ मार्ग सांगा. वहिनी आहेतच घरात."
वैजयंती भेंडी चिरत होती. म्हणाली, "सरळ मार्ग सापडला तर आधी मला सांग."
वै.चा मार्ग: प्राणिशास्त्र. माशांवर पीएच.डी. मासे मेले म्हणून संगणक (हे ती गंभीरपणे सांगते). आता पंधरा वर्षं माणसांच्या डीएनएची अक्षरं संगणकावर ताडून आजाराचं मूळ शोधते. दर दोन वर्षांनी नवं काँट्रॅक्ट. पुढच्या शुक्रवारी कायम जागेसाठी इंटरव्ह्यू. वयाच्या अटीमुळे हा शेवटचाच.
कागदावर बाण काढत बसलो. माशांपाशी अडकलो.

५ जुलै, शनिवार
हर्षद आला. गावातल्याच बेळ्ळंदूरहून ट्रॅफिकमधून दोन तास, चेहरा त्याच मापाचा. पुण्याचा इंजिनिअर, वै.चा पहिला विद्यार्थी. पीएच.डी. अर्धवट टाकून कंपनीत गेला तेव्हा वै. दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. आता तोच तिला नोकरी द्यायला आलाय.
"मॅडम, हो म्हणा. आमच्याकडे पेपर किती छापले, कोणी विचारत नाही."
"मग विचारतात काय?"
"कधी होईल, एवढंच."
"शुक्रवारनंतर सांगते."
लेखासाठी विचारलं, पोरांना काय सल्ला देशील? "काका, मॅडमसारखं शिका, माझ्यासारखं सोडा." छापण्याजोगं नाही. टिपून ठेवलं.

७ जुलै, सोमवार
हुबळीच्या एका डॉक्टरांची वै.ला मेल. सात वर्षांची मुलगी, स्नायू अशक्त होत चाललेत. वडिलांनाही तेच. वै.च्या सहा वर्षांपूर्वीच्या पेपरात, या आजारात डीएनएमधली कोणती अक्षरं बदलतात त्या जागांचा तक्ता आहे. त्यातली जागा पाहिली, तिथे बदल नाही. कृपया खुलासा व्हावा.
वै. जेवली नाही. मग ताट बाजूला सारून मला समजावलं. दोन प्रयोगशाळांच्या फायली तिने जोडल्या होत्या. एकीत पहिल्या अक्षराचा क्रमांक एक. दुसरीत पहिल्याचा शून्य.
"दोन्ही रीती चालतात?"
"चालतात. जोडताना एक मिळवायचा असतो."
"मग?"
"मिळवला नाही, बहुतेक."
शून्य आपलं म्हणून शाळेत छाती फुगवायचो. आज घरी मुक्कामाला आलं.
शुक्रवारी तिच्यापाशी दाखवण्यासारखा हाच पेपर. आणि तेव्हा माझ्या सदराच्या पत्रात मीच लिहिलं होतं: ज्याच्यात हा बदल, त्याला हा आजार. 'अचूक' हा शब्द एकाच पत्रात तीनदा. तोही अचूक नाही.

८ जुलै, मंगळवार
लहानपणी माझ्या पाठशाळेत पोथीची नक्कल मुळाशी ताडायची रीत होती: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून चालायचं. डोळा झोपतो, कान झोपत नाही असं गुरुजी म्हणत. वै.ला सांगितलं. चेष्टा करील वाटलं. जेवणाचं टेबल पुसून बसली.
मी मूळ फायलीतला आकडा वाचायचा (शून्यवाल्या फायलीचा एक मिळवून), तिचं बोट छापील तक्त्यावर.
"सरी?"
"बरोबर म्हण रे. माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला सरी ऐकून खोकला येतो."
"आमच्या दक्षिणेतल्या मराठी घरात चारशे वर्षं सरीच. पुढचा आकडा. सरी?"
"सरी."
"सरी?"
"...नाही."
दुसऱ्या प्रयोगशाळेच्या सगळ्या ओळी एक घर मागे. हुबळीच्या डॉक्टरांनी पाहिलेली जागा त्यातलीच.
"नुसता तक्ता चुकलाय की निष्कर्षही?"
"माहीत नाही. सगळं पुन्हा चालवावं लागेल. तीन आठवडे."
इंटरव्ह्यू तीन दिवसांवर. मी म्हटलं, "शुक्रवारनंतर कळव ना." बोललो खरा.
तिने बोट उचललं नाही. "तुझ्या गुरुजींनी काय केलं असतं?"
"पट्टी मारली असती."
"मला की तुला?"

९ जुलै, बुधवार
वै.ने डॉक्टरांना सकाळीच कळवलं: एक घर पुढे पाहा, चूक माझी. पेपर छापणाऱ्या मासिकाला दुरुस्तीचं पत्र मात्र अर्धं लिहून ठेवलंय. उठते, बसते, एक स्वल्पविराम हलवते.
हर्षदचा फोन. वै.ने त्याला चूक सांगितली. "मॅडम, ते तक्ते कोण बघतं? शुक्रवार होऊ द्या."
"हुबळीचे डॉक्टर बघतात."
अगदी माझाच सल्ला. त्याच्या तोंडून ऐकताना किती हलका वाटला.
काय सांगावं कळत नाही. पंधरा वर्षं या खुर्चीसाठी. आणि ती मुलगी सात वर्षांची.
लेख: एक ओळ. तीही खोडली.

११ जुलै, शुक्रवार
रिक्षात अर्धा तास एकाच झाडाखाली. "स्वल्प लेट, अक्का," रिक्षावाला. अक्का लॅपटॉपवर.
फाटकापाशी म्हणाली, "मासिकाला पत्र गेलं. चूक दुसऱ्या स्लाइडवर टाकलीय."
"पहिलीवर काय?"
"नाव."
बाहेर बाकावर सव्वा तास. सगळे उमेदवार तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मलाच परीक्षक समजून नमस्कार करीत होते. केला परत.
बाहेर आली. म्हणाली, समितीतल्या एकाने विचारलं, हे आजच सांगायला हवं होतं का? एका बाईंनी विचारलं, निष्कर्ष टिकतो?
"तू काय म्हणालीस?"
"माहीत नाही म्हटलं. इंटरव्ह्यूत इतकं सोपं उत्तर पहिल्यांदाच दिलं."
कळवू म्हणाले. चेहऱ्यांवरून काय वाटलं, मी विचारलं. "तू पोथ्या वाच, चेहरे नको."
रस्त्यात हर्षदचे दोन मेसेज. तिने उघडले नाहीत.

१३ जुलै, रविवार
हुबळीहून उत्तर. एक घर पुढे पाहिलं. बदल आहे, मुलीत आहे. मी टाळीच वाजवली.
वै. पुढे वाचत होती. आजारी वडिलांत मात्र नाही. आईत आहे, आणि आई ठणठणीत.
"म्हणजे?"
"म्हणजे जागा बरोबर. बाकी..." चष्मा काढून पुसला. परत पुसला.
संपादकांना कळवलं: मार्ग सापडलेला नाही, मुदत हवी. मागल्या एका पत्रात दुरुस्तीही छापायची आहे. ते म्हणाले, सहा वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय!
हर्षदला अजून हो नाही, नाही नाही. समितीचा निरोप नाही.
दुपारी वै.ने टेबल पुसलं. मूळ फायलींचे छापील गठ्ठे आणले, या वेळी सगळे. एक माझ्यापुढे सरकवला, दुसऱ्यावर स्वतःचं बोट ठेवलं.
"वाच."