बाबाच्या युकुलेलेवरची खूण

धम्मदीप,
जय भीम.

काल तू फोनवर म्हणाला, "ताई, बाबाचं युकुलेले विकून राह्यलो. साठ वर्षांचं आहे, पण नव्यासारखं दिसते. फक्त तारांखालच्या भोकाजवळ लाकूड घासलं आहे. ते कायनं झालं, गिऱ्हाईक विचारते. जरा इतिहास लिहून पाठव."

तर ऐक. खाणीतल्या एका साहेबानं वणी सोडताना बाबाले हे गिटारसारखं चार तारांचं लहान वाद्य देलं. बाबा त्यावर भीमगीतं वाजवत, कोणाले हात लावू देत नव्हते. मग लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. मी तुले तीनदा फोन केला. तू म्हणाला, "सुट्टी नाही."

एक दिवस बाबांनी खुणेनं युकुलेले मागितलं. डाव्या हातानं तारा दाबून धरल्या अन् माझ्याकडं पाहत राह्यले. मी शेजारी बसून तारा छेडल्या. मले येत नव्हतं, नख लाकडावर घासत होतं. बाबा हसले. चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते एक वाद्य वाजवलं.

बाबा गेल्यावर तिसऱ्याच दिवशी तू ते उचललं. "तुले कुठं वाजवता येते?" म्हणाला. एकटीले मले खरंच येत नव्हतं.

हे पत्र मी पाठवत नाही. तुले मोबाइलवर एवढंच लिहिलं, "मले काही माहीत नाही." वाद्य तू विक. ते दिवस मी त्याच्यासंगं देत नाही.

तुह्या फोनची वाट न पाहणारी,
कौसल्याताई
वणी