पाहुण्यांचा पंखा

आचोळे, १४ एप्रिल २०२५

ती. जुलियाना मावशीस,
सप्रेम जय ख्रिस्त. शि. सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत, म्हणून पत्र. आमच्या गाळ्यात पत्र्याखाली प्लॅस्टिकची झाकणं बनतात, तुला ठाऊकच आहे. परवा मशीनजवळच मला चक्कर आली. मॅनेजर एरॉलसाहेब म्हणाले, पुन्हा पडलीस तर कायमची घरी. तुझ्या जावयाचा पाय प्लॅस्टरमध्ये. घर सध्या माझ्यावरच चाललंय.

सुदैवाने उष्णता मोजणारे साहेब आले. आकडा जास्त आला तर प्रत्येक मशीनला पंखा मिळणार होता. पण ते आले तेच घामाने निथळत! आम्हाला पाहवेना. एकुलत्या एका पंख्यासमोर त्यांना बसवलं, कोकम सरबत दिलं, त्यांचं यंत्रही शेजारी स्टुलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, इथे कसं वाटतं? आम्ही सगळ्या सवयीने म्हणालो, बरं आहे, देवाची कृपा.

त्यांनी तसंच लिहिलं. हॉल थंड, कामगार समाधानी. काल तो पंखाही जादा ठरून ऑफिसात गेला. मला भीती वाटते गं.

तुझा लोभ या उन्हात आटू देऊ नकोस.
तुझी ॲंजेला

सांडोर, २० एप्रिल

चि. ॲंजेलास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात, तोही सरबत पाजून! अगं, केळी पिकवायला आम्हीही कोंडून ठेवतो, पण पिकली की बाहेर काढतो.

आता ऐक. पाहुण्याला आपली रोजची जागा द्यावी. सगळ्या मिळून हट्ट धरा, साहेबांना परत बोलवा आणि तुझ्या मशीनपाशी बसव. चहा दे, कडक आणि उकळता. देवाची कृपा रविवारी मिस्साला म्हण. गाळ्यात खरं बोल. वाडीतल्या काकड्या पाठवते आहे. एरॉलला देऊ नकोस.

जिवाला जप, मग माया पुरेशी पोचली समजेन.
तुझी मावशी

आचोळे, १२ मे

ती. मावशीस,
जय ख्रिस्त. शि. सा. न. वि. वि.

काकड्या पोचल्या. एरॉलसाहेबांनी मागितली, दिली. सवय जात नाही.

उष्णता मोजणारे साहेब पुन्हा आले. मानाने माझ्या जागेवर बसवलं, चहा दिला. दुसऱ्या कपाला ते आडवे! आम्हीच तोंडावर पाणी मारलं आणि रिक्षात घालून घरी पाठवलं. पडला की घरी, नियमच आहे ना. यंत्र इथेच राहिलं.

आकडा मात्र इतका वर गेला की एप्रिलच्या आकड्याशी जुळेना. हॉल थंड असल्याचं आधीच लिहून गेलं होतं, तेव्हा यंत्रच बिघडलं असं ठरलं. एवढं महागाचं यंत्र उकाड्याने आणखी नासू नये म्हणून ते एसीच्या खोलीत ठेवलंय. पडणारी बाई मशीनवर नको, म्हणून राखणीला मला बसवलंय. नोकरी वाचली. तुझ्याकडे शाल मागणार होते.

माझ्या मशीनवर ब्रिटनी आलीय, विशीची पोर. काल तिचे ओठ पांढरे पडले होते. कसं वाटतं विचारलं तर म्हणाली, बरं आहे, देवाची कृपा. मला तिथे थंडाव्यात बसवेना. मी एरॉलसाहेबांना सांगून आले, यंत्रावर धूळ फार बसते, पुसायला एकटी पुरत नाही. त्यांना पटलं. आता पाळीपाळीने सगळ्या येतात, सर्वांत आधी ब्रिटनी.

तेव्हा शाल राहू दे. आशीर्वादासोबत जुनी फडकी पाठव, जेवढी असतील तेवढी.
तुझी ॲंजेला