पर्समधली घड्याळं

५ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्राला हूं म्हणून भागत नाही, चार ओळी लिहाव्याच लागतात.

बातमी अशी, की प्राचार्यांनी कॉलेजची फुटबॉल टीम माझ्या गळ्यात मारली आहे. खेळाचे सर नोकरी सोडून गेले. रसायनशास्त्राच्या बाईला चेंडूतलं काय कळणार, असं मी म्हणून पाहिलं, तर ते म्हणाले की तुमचे बंधू एवढे नावाजलेले खेळाडू होते ना. म्हणजे हे सगळं तुझ्यामुळे.

शनिवारी पहिला सामना पाच-शून्यने हरलो. त्यांचा उजवीकडचा पोरगा असा सुटायचा की आमची मुलं त्याच्या पाठीवरचा आकडा वाचत बसायची. त्याचं काय करावं ते कळव.

आता स्पष्टच लिहिते. वहिनीला जाऊन वर्ष होत आलं. दुकान ते घर आणि घर ते दुकान, यापलीकडे तू पाऊल टाकलेलं नाहीस. टीम हरली तर हरू दे, मला तुझी काळजी वाटते. तू घराबाहेर पडायला हवंस.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
भोवरा


१३ ऑगस्ट

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

लहानपणी तू एका जागी बसत नव्हतीस म्हणून तुला भोवरा म्हणायचो. आता मुलांना फिरवतेस, बरं आहे.

त्या उजवीकडच्या पोरावर दोघांना सोड. एकाने अंगाला चिकटायचं, दुसऱ्याने थोडं मागे राहायचं. चेंडू कुठेही जावो, त्याला मोकळा सोडायचा नाही.

माझं ठीक चाललं आहे. दुकानात दुरुस्तीची कामं भरपूर आहेत, भिंतीवरची सगळी घड्याळं बरोबर चालतात, मी वेळेवर जेवतो. तुझ्या वहिनीचा चष्मा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. तो तिथेच असलेला बरा वाटतो.

भांडत राहा, म्हणजे तू बरी आहेस हे कळतं.

तुझा,
दादा


२४ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या दोघांत बसने दोन तासांचं अंतर, पण पोस्टाला आठवडा लागतो. तुझा सल्ला आला तोवर आणखी एक सामना हरून झाला होता. पण तू एवढं लिहिलंस, ते वाया कसं घालवू? कालच्या सामन्यात उजवीकडच्या पोरावर दोघांना सोडलं.

हा संघ वेगळा होता, दादा. यांचा उजवीकडचा पोरगा लंगडत होता. माणूस कमी पडला म्हणून त्याला नुसता उभा केलेला. आमचे दोन पठ्ठे पूर्ण सामना त्याला पहारा देत राहिले. माझं काही चुकलं का, असं त्या बिचाऱ्याने शेवटी त्यांना विचारलं म्हणे. तोवर त्यांच्या बाकीच्यांनी डावीकडून सहा गोल घातले. घड्याळजीचा सल्ला आणि तोच उशिरा, म्हणून स्टाफरूममध्ये सगळे हसताहेत.

माझं काम म्हणजे मुलांची घड्याळं सांभाळणं. सामन्याआधी सगळे ती काढून माझ्या पर्समध्ये टाकतात. मांडीवर अशी टिकटिक चालते की शेजारचे सरकून बसतात.

शेवटचा सामना सत्तावीस सप्टेंबरला आहे. ये ना. डोळ्यांनी बघ आणि तिथल्या तिथे सांग.

माया आहे तशी ठेव, आणि तिला बसमध्ये बसव.

तुझी,
भोवरा


३ सप्टेंबर

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

लंगड्या पोराचं वाचून मी दुकानात एकटाच एवढा हसलो, की काचेपलीकडचं गिऱ्हाईक दचकलं. मी कधी हसतो हे बहुधा त्याला ठाऊकच नव्हतं.

पण येणं जमणार नाही. गुडघ्याचं कारण लिहिणार होतो, पण माझी थाप तू लगेच ओळखतेस. मी खेळायला उतरण्याआधी घड्याळ काढून तुझ्या वहिनीच्या हातात द्यायचो. लग्नाआधीपासूनची ती पद्धत. सामना कुठेही असो, ती मैदानाकडेच्या पायरीवर बसलेली असायची, मुठीत माझं घड्याळ. गोल झाला की मी आधी तिकडे बघायचो. आता मैदानावर आलो तर त्या पायरीकडे नजर जाणारच, आणि ती रिकामी बघायची माझी हिंमत नाही. आग्रह करू नकोस.

रागावू नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
दादा


१२ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. पत्र वाचून रडले, मग तोंड धुऊन तासाला गेले. आग्रहही करत नाही, फक्त अडचण सांगते.

आतापर्यंत सगळे सामने हरलो आहोत. शेवटच्या सामन्याला मी कडेला उभं राहावं, असं मुलांचं म्हणणं आहे. मॅडम ओरडल्या की आम्हाला धावावंसं वाटतं, असं म्हणतात. मग घड्याळं कोण सांभाळणार? ओळख ना पाळख अशा माणसाच्या हातात ती द्यायची नाहीत.

वहिनीची पायरी रिकामी बघवत नसेल, तर दादा, तिथे तू बस.

बाकी काही मागत नाही. लोभ तर लहानपणापासून हक्काचाच आहे.

तुझी,
भोवरा


२८ सप्टेंबर

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

काल आपण तीन-एकने हरलो. तू तिथेच होतीस, तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. लिहायला बरं वाटतं.

बाईमाणसाची पर्स मांडीवर घेऊन मी पायरीवर बसलो, तेव्हा चार लोकांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, बघा. जन्मभर घड्याळात डोकं घातलं, पण आपलं माणूस हरत असताना नव्वद मिनिटं किती लांब असतात, ते काल कळलं. खेळणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. आणि मी कितीही हरून आलो, तरी तुझी वहिनी घड्याळ परत देताना हसायची. तिचं मला इतकं कौतुक वाटलं, की तिला ते सांगावं म्हणून जीव तळमळला.

लंगड्याच्या त्या दोन पहारेकऱ्यांतल्या एकाने गोल घातला आणि मी पर्ससकट उठून उभा राहिलो. घसा अजून बसलेला आहे. गोल घालून पोराने आधी पायऱ्यांकडे पाहिलं, हे तुझ्या लक्षात आलं का? मी हात वर केला.

रात्री कुलूप काढलं आणि सवयीने दारातूनच बोललो, "हरलो गं." घरात कोणीच नव्हतं. रडू आलं, ते लपवत नाही. मग चहा केला आणि तिच्या चष्म्यासमोर बसून पहिल्यापासून सगळा सामना सांगितला. पहारेकऱ्याच्या गोलाशी आलो तेव्हा हसूही आलं.

तुमच्या कॅप्टनचं घड्याळ बंद आहे, तो ते नुसतं मिरवायला घालतो. त्याला विचारून घरी आणलं होतं, आता चालू केलं आहे. मोसम संपला म्हणून सराव बंद ठेवू नकोस, बचावाची फळी फार मागे उभी राहते. सोमवारी माझं दुकान बंद असतं. घड्याळ घेऊन मीच येतो.

सराव किती वाजता असतो ते कळव. पत्र नको, उशिरा पोचेल. फोन कर, मी बोलेन.

तुझा,
दादा