‘मेल्या’ला दुसरा शब्द नाही

लिस्बन, रविवार

प्रिय आये,
दुरूनच तुझ्या पाया पडतो.

जेवणाची काळजी नको. इथेही पावाला पावच म्हणतात आणि पेडवे मासे भाजून देतात, फक्त खोबऱ्याचा पत्ता नाही.

काल माझा सिनेमा दाखवला. त्यातली आई मुलाला विचारते, “मेल्या, जेवलंस काय?” खाली इंग्रजीत उमटलं, ‘मृत माणसा, जेवलास का?’ अर्ध्या लोकांना भुताची गोष्ट वाटली. तरी शेवटी रडले.

नंतर मुंबईचे एक वितरक भेटले. “संवाद शुद्ध मराठीत करा, महाराष्ट्रभर लावतो.”

“‘मेल्या’च्या जागी काय घालू?”

“बाळा.”

आये, तू जन्मात कधी मला बाळा म्हणालीस? मी नाही म्हणून टाकलं.

वीस वर्षं नाटकं गावोगाव नेली, आता सिनेमा नेईन. पहिला खेळ वेंगुर्ल्यात, शाळेच्या हॉलमध्ये. तुझा गुडघा कसा आहे? नाटकाला बोलावलं की म्हणायचीस, “घरात नाटकां कमी आसत काय?” या वेळी मात्र ये. पुढची खुर्ची तुझी.

सिनेमा नाही आवडला, तर सरळ ‘बाळा’ म्हण. मी समजेन.

तुझो जितोजागतो मेलो,
विश्वेश