टोचलेलं बोट

ताई,

आईला वाकून नमस्कार. तुला अर्धाच, कारण मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही.

इथल्या मोफत दवाखान्यात मी रमलेय. शाळेची बाकं जोडून तपासायच्या खाटा केल्यात. दार उघडायच्या आधीच रांग कोपऱ्यावरून वळलेली असते. जेवण वेळेवर होतं. इथपर्यंत आईला मोठ्यानं वाच, पुढचं मनातच वाच.

मंगळवारी मी एका आजोबांचं रक्त घेत होते, त्यांनी हात झटकला आणि तीच सुई माझ्या बोटात घुसली. मी हातमोजा ओढून काढला आणि, ताई, बोट सरळ तोंडात घातलं! शिवणयंत्रावर आईला जन्मभर तेच करताना पाहिलंय ना. डॉक्टरीणबाई किंचाळल्या, "अगं वेडे, थुंक आधी!"

आजोबांच्या रक्तात काय आहे ते अजून कळायचंय. मला गोळ्या सुरू केल्यात, दीड महिन्यानं पुन्हा तपासतील. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. पाण्याचा पेला मी वेगळा ठेवलाय. गरज नाही म्हणतात, तरी.

आईचं शिवण चालू आहे ना? तिला म्हणावं, सुई टोचली तर बोट तोंडात घालू नकोस. कारण विचारलं तर थाप मार, तुला जमतं.

तुमचं शेंडेफळ