तळघर कोरडं कसं करावं, याबाबत आर्विडना

हॅन्कॉक, मिशिगन
२८ मे १९८६

आदरणीय मेव्हणे आर्विड यांना रेइनोचा मनापासून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो आणि डॉक्टरांनी कॉफी अजून बंद केलेली नाही, हे वाचून बरं वाटलं. माझी प्रकृती उत्तम आहे (कंबर सोडून, तिचं कारण पुढे येईलच). लेम्पी पाच आठवड्यांपासून ग्रीन बेला आमच्या कॅरलकडे बाळंतपणासाठी गेली आहे. तिथे बाळ-बाळंतीण खुशाल आहेत आणि लेम्पी आठ जूनला परत येते आहे. घरात मी एकटा असलो तरी माझी मुळीच आबाळ होत नाही. सकाळी अंडी, दुपारी मांस-बटाट्याची पेस्टी, रात्री उरलेली पेस्टी, असा नेमस्त आहार चालू आहे.

तुम्ही चाळीस वर्षं मालबोटींवर काढली, तिथे काही तुटलं की इंजिनीअर होता आणि बोटीत पाणी शिरलं की निदान सगळ्यांच्या बोटीत शिरायचं. आता बाहत्तराव्या वर्षी ॲशलंडला पहिलं घर घेतलंत आणि तळघरात पाणी का येतं, हिरवळीला टक्कल का पडलं, हे मला विचारलंत, याचा मला फार आनंद झाला. विचारायला योग्य माणूस निवडलात. मी सदतीस वर्षं घरमालक आहे, आणि त्यातली एकतीस वर्षं टपाल वाटलं, म्हणजे या गावातल्या प्रत्येक घराची पुढची पायरी, मागची पायरी आणि दोन्हींतले दोष मला तोंडपाठ आहेत. शिवाय तुमच्या दोन्ही प्रश्नांवर मी याच वसंतात स्वतः प्रयोग केले आहेत, तेव्हा माहिती ताजी आहे.

आमच्या तळघरात पाणी आलं ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बर्फ वितळायला लागल्यावर. घोट्याएवढं. लेम्पी म्हणाली, "बाहेर जाऊन आधी छपराची पन्हळ बघ." मी तिला समजावलं की पाणी आत आहे, तेव्हा शोधही आतच घ्यायला हवा. वीस तारखेला बसमध्ये चढताना ती एवढंच म्हणाली, "रेइनो, मी येईपर्यंत घरात काही सुधारू नकोस." आता तुमची बहीण तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या बोलण्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो. ती परत येईल तेव्हा तळघर खणखणीत कोरडं असावं असं मी त्याच क्षणी, बस वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत, ठरवून टाकलं.

पहिला उपाय म्हणून मी भिंतींना आतून पाणी-रोधक रंग लावला. डब्यावर लिहिलं होतं की भिंत कोरडी असताना लावावा. मला ही सूचना विसंगत वाटली, कारण भिंत कोरडी असती तर मी रंग कशाला आणला असता? तीन हात दिले. चौथ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर दुधावरची साय चमच्याने उचलावी तसा सगळा रंग एका तुकड्यात भिंतीवरून सुटून पुढे लोंबत होता आणि त्याच्यामागे पाणी साठून भिंतीला पोट आलं होतं. मी त्याला बोट लावलं. (लावू नका.) तर आर्विड, पहिला सल्ला लिहून ठेवा: ओल्या भिंतीला रंग लावून पाणी थांबत नाही, ते फक्त काही काळ दिसेनासं होतं.

मग मी पंप आणला. पंप चांगला होता, त्याला मी दोष देणार नाही. तळघराच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात ठेवला, नळी खिडकीतून बाहेर काढली आणि जेवढी लांब होती तेवढी, म्हणजे भिंतीपासून चार-पाच फुटांवर, सोडून दिली. पंप अखंड दोन दिवस चालला. त्याचा आवाज ऐकत जेवताना मला फार समाधान वाटायचं. मात्र पाणी काही घोट्याच्या खाली जाईना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मिसेस बोद्री कुंपणाला टेकून बराच वेळ नळीकडे बघत होत्या. (तुम्ही त्यांना ओळखता, खाणकामगार बोद्रीची विधवा, शहात्तर वर्षांच्या आहेत आणि अजून स्वतःची लाकडं स्वतः फोडतात.) त्या म्हणाल्या, "मिस्टर कांगास, हे पाणी ओळखीचं दिसतंय." मी म्हटलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "म्हणजे ते इथून बाहेर पडतं, उतारावरून तिथे भिंतीशी जातं, आणि पुन्हा तुमच्याकडेच मुक्कामाला येतं. दोन दिवस तेच तेच पाणी फिरवताय तुम्ही." मी नीट पाहिलं. आमच्या अंगणाचा उतार खरोखरच घराकडे होता. सदतीस वर्षं मला तो रस्त्याकडे वाटत आला होता. दुसरा सल्ला: पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठे जातं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जमीन घरापासून बाहेर उतरती हवी. दहा फुटांत निदान सहा इंच. नसेल तर भिंतीशी माती चढवा, आणि पंपाची नळी लांबवर नेऊन सोडा.

इतका शहाणपणा पदरी पडल्यावर दुसऱ्या कोणी माती चढवून विषय संपवला असता. मी मुळाशी जायचं ठरवलं. दक्षिणेच्या भिंतीला लागून कमरेएवढा चर खणायचा, त्यात भोकांचा पाइप टाकायचा, वरून खडी भरायची, म्हणजे पाणी भिंतीपर्यंत पोचायच्या आत परस्पर वाटेला लागतं. पद्धत उत्तम आहे. एक मे रोजी फावडं हातात घेतलं. (कंबर इथे येते.) तिसऱ्या दिवशी फावड्याला एक चिवट काळं मूळ लागलं. दोनदा मारूनही तुटेना, म्हणून कुऱ्हाड आणली. ते मूळ टेलिफोन कंपनीचं होतं. तिसरा सल्ला, आणि हा अधोरेखित करा: खणण्याआधी टेलिफोनवाल्यांना आणि गॅसवाल्यांना विचारा. ते येऊन तारा-नळ्या कुठे आहेत त्याच्या खुणा करून जातात. खणल्यानंतर त्यांना फोन करता येत नाही, हे मला अनुभवाने सांगता येईल.

फोन चार दिवस बंद होता. मला त्याचं विशेष वाटलं नाही, कारण एरवीही मला कोणी फोन करत नाही. पाच तारखेला दुपारी मी चरात उभा राहून चिखल उपसत होतो, तेव्हा मिसेस बोद्री ॲप्रनला हात पुसत कुंपणाचं फाटक उघडून थेट आत आल्या आणि वरून म्हणाल्या, "अभिनंदन, आजोबा. मुलगी झाली. पहाटे चारला. लेम्पी सकाळपासून तुम्हाला फोन लावतेय, शेवटी बिचारीने मला केला." आर्विड, मी टोपी काढली. का काढली ते माहीत नाही. चिखलात पाय रुतलेले, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात फावडं, आणि मला पहिली नात झाल्याचं नऊ तासांनी, शेजारणीकडून कळत होतं. मी विचारलं, "कॅरल कशी आहे?" त्या म्हणाल्या, "बरी आहे. थोडं जड गेलं, पण आता झोपली आहे. लेम्पीला वाटलं तुम्हाला काही झालं. मी सांगितलं, खड्ड्यात आहेत, पण उभे आहेत." मला हसू आलं नाही. जड गेलं त्या वेळी लेम्पी एकटी दवाखान्याच्या बाकावर बसून इथला नंबर फिरवत असेल आणि इकडे घंटासुद्धा वाजत नसेल, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. मी त्यांच्या घरी जाऊन, बुटांखाली वर्तमानपत्र घालून, तिच्याशी बोललो. ती एवढंच म्हणाली, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." मग आम्ही दोघंही नातीचं वजन सांगत-ऐकत राहिलो. साडेसात पौंड.

परत आलो तर मिसेस बोद्री माझ्यामागून आल्या आणि घराच्या कोपऱ्याशी थांबल्या. छपराची पन्हळ जिथे खाली उतरते, त्या उभ्या पाइपाचा तळाचा वाकडा तुकडा, म्हणजे एल्बो, निखळून गवतात पडला होता. हिवाळाभर बर्फाखाली होता, म्हणून दिसला नाही. म्हणजे अख्ख्या छपराचं पाणी बरोबर भिंतीच्या मुळाशी ओतलं जात होतं. त्यांनी एल्बो उचलला, पाइपाला लावला, बुटाच्या टाचेने दोनदा ठोकला, आणि पुढे एक फळी तिरकी टाकून दिली. पाच मिनिटं लागली, त्यात दोन मिनिटं त्या बूट झटकत होत्या. तीन दिवसांत तळघर कोरडं झालं. माझ्या मते चराचाही यात मोठा वाटा आहे, जरी त्यात तेव्हा पाइप टाकलेला नव्हता. खडी आधीच दारात येऊन पडली होती, म्हणून तत्त्वासाठी मी काम पुरं केलं. चौथा सल्ला: पन्हळ वर्षातून दोनदा साफ करा, आणि तिचा खालचा तुकडा जागेवर आहे ना ते आधी बघा. (हे लेम्पीनेही म्हटलं होतं, पण तिने कारण नीट समजावून सांगितलं नव्हतं.)

आता तुमची हिरवळ. टक्कल पडलेल्या जागी पंज्याने माती मोकळी करा, बी टाका, वरून पातळ पेंढा पसरा आणि रोज थोडं पाणी द्या. एवढ्याने भागतं. खत द्यायचं तर दोन चाकांच्या गाडीने द्यावं, आणि चालता चालता थांबलात तर तिची खालची झडप बंद करावी. मी गेल्या पंधरवड्यात खत टाकत असताना मिसेस बोद्रींनी नातीचं नाव काय ठेवणार ते विचारलं. कॅरलला इंग्रजी नाव हवं होतं, लेम्पीला फिनिश, आणि मला दोघींना पटेल असं काहीतरी, त्यामुळे बोलणं वीस मिनिटं चाललं. नाव आयली ठरलं. म्हणजे कॅरलने ते आधीच ठरवलं होतं, पण आम्हीही त्याच नावावर आलो. झडप उघडी होती. आता तिथे गाडीच्या मापाचा एक पिवळा चौकोन आहे, ज्यात पुढच्या वर्षीपर्यंत काही उगवणार नाही. बाकीची हिरवळ मात्र बघत राहावी अशी झाली आहे, चौकोनाकडे पाठ करून उभं राहिलं तर.

एकंदरीत घर म्हणजे घाबरायची गोष्ट नाही, आर्विड. डोकं शांत ठेवायचं, कारण शोधायचं आणि कामाला लागायचं. क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालतो. काही अडलं तर निःसंकोच विचारा. तुमच्या गुडघ्याला आराम आणि तुमच्या तळघराला कोरडेपणा लाभो.

तुमच्या बहिणीचा नवरा,
रेइनो कांगास

ता. क. तुम्ही पत्रात शेवटी विचारलं होतं की मागच्या कुंपणाशी तो आंबट देठांचा रुबार्ब माजला आहे, खाणारं कोणी नाही, तर उपटून टाकू का. उपटू नका. किंवा एकच गड्डा उपटा, मुळांना ओलं वर्तमानपत्र गुंडाळा, आणि सहा जूनच्या आत कोणाबरोबर तरी इकडे पाठवा. कारण असं आहे की दक्षिणेच्या भिंतीशी, जिथे आता खडी आहे, तिथे तुमच्या आईचा रुबार्ब होता. लेम्पीने तो सदतीस वर्षांपूर्वी पिठाच्या ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर धरून आणला होता, आणि आई गेल्यापासून दर जूनमधली पहिली गोड पाय-पेस्ट्री ती त्याच्याच देठांची भाजते. एक मेला त्याचे नुसते सुरकुतलेले लाल कोंब वर आले होते. मला ती कुजकी मुळं वाटली, आणि मी ती मातीबरोबर उपसून टाकली. दोन आठवड्यांनी मिसेस बोद्रींच्या वाफ्यात देठं दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. आई तुमचीही होती, हे मी विसरलेलो नाही. देठं लाल असतील तरच पाठवा. हिरवी असतील तर लेम्पी ओळखेल. खरं सांगायचं तर हे सगळं पत्र त्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात लेम्पीचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "आईच्या रुबार्बची माती कुठे टाकलीस?" मिसेस बोद्रींनी तिला तीन आठवड्यांपूर्वीच सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "शेडमागे." ती म्हणाली, "जाऊन बघ. मी फोन धरून थांबते." मी गेलो. ढिगाऱ्यातून सात देठं वर आली आहेत, लालबुंद, माझ्या अंगठ्याहून जाड. भिंतीशी होता तेव्हा इतक्या जोमाने वाढलेला मी तो कधी पाहिला नव्हता. आत येऊन मी तिला ते सांगितलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "आईने तो तीन घरांतून तीनदा उपटून नेला, रेइनो. तो तुझ्याने मरायचा नाही. मी येईपर्यंत त्याला बोटसुद्धा लावू नकोस. आणि आर्विडकडून मागवला असशील तर ते पत्र फाड." पत्र फाडलं नाही, कारण बाकीचा सल्ला उपयोगाचा आहे. तेव्हा गड्डा पाठवू नका. त्याऐवजी तुमच्या शेडमध्ये जुन्या मालकाचं खड्डे पाडायचं गिरमिट सापडलं असं लिहिलं होतंत, ते लवकरात लवकर पाठवा. रुबार्बला बोट न लावता त्याच्याभोवती एक छोटंसं कुंपण घालायचं मनात आहे; खांबांपुरते चारच खड्डे लागतील, आणि त्या बाजूला टेलिफोनची तार नसावी.