ऐकलं, लिहून घेतलं

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल सोमवारी दुपारी सुखरूप पोचलं. लोकरीचे मोजे दोन जोड, गुडघ्यांचं मलम एक, सूनबाईनं पाठवलेला मफलर एक, भिंग एक. डब्यांवरच्या किमती तू नखानं खरवडून काढल्या आहेस, पण भिंग तूच पाठवलंस ना, ते धरलं आणि सगळे आकडे वाचता आले. मलमाचा आकडा वाचूनच गुडघे दुखायचे थांबले. पुन्हा एवढं महाग पाठवू नकोस. मफलर छान आहे, सूनबाईला सांग की तो मी रोज वापरते, ठेवणीत टाकलेला नाही. खोटं वाटेल म्हणून सांगते, आत्ता गळ्यातच आहे.

मंगळवारी पोस्टमन पुन्हा आला. एक जाडसर पाकीट, तिकीट कमी, दंडासकट बारा रुपये रोख मोजा म्हणाला. मी परतच करणार होते, पण वरचं अक्षर पाहिलं आणि मुकाट्यानं मोजले. तुझ्या ठकीचं पाकीट होतं. तुम्हां दोघांना त्याचा पत्ता नसणार, कारण एक तिकीट खरं आहे आणि दुसरं तिनं स्वतः रंगवून चिकटवलंय. त्यावर मांजर आहे. पोस्टमन म्हणाला, आजी, मांजर चांगलं काढलंय पण खात्यात चालत नाही.

आत दोन कागद. पहिला मला. सांता खरा असतो की खोटा, ते एका शब्दात कळव. वर्गातला एक दांडगा मुलगा म्हणतो खोटा असतो, ती म्हणते खरा असतो, आणि ते प्रकरण डबे फेकण्यापर्यंत गेलं आहे. बाबाला विचारलं तर बाबा म्हणाला आजीला विचार, आजी जन्मात कधी खोटं बोललेली नाही. दुसरा कागद सांताला. वर लिहिलंय, खरा असलास तरच वाच. मग खाली, माझा बाबा लहानपणी तुझ्याकडे यायचा, तू बोलत नव्हतास असं तो सांगतो. त्यानं तुझ्याकडे काय मागितलं होतं ते कळव. ते फक्त तुलाच माहीत असेल. नाही कळवलंस तर मी समजायचं ते समजेन. खाली पूर्ण सही, आणि सहीखाली दोन रेघा.

वा रे पठ्ठ्या. स्वतः नामानिराळा राहिलास आणि म्हातारीला साक्षीला उभं केलंस. खरा म्हणावं, तर साठ वर्षं देवासमोर ताठ मानेनं बसते आहे ती मान खाली जाते. खोटा म्हणावं, तर पोरीनं ज्या गोष्टीसाठी डबा फेकून मारला ती मी एका शब्दात मोडायची, आणि वर तिचा बाप थापाड्या ठरतो. दोन दिवस मी दोन्ही कागद देवाजवळ ठेवले होते. देवानंही हात वर केले.

म्हणून आधी तुला एक सांगते. तीस वर्षांवर पोटात ठेवलं आहे, आता पोटाला पेलत नाही.

तुझे बाबा ज्या कापड दुकानात वरच्या मजल्यावर शिवणकाम करायचे, तिथे डिसेंबरात जिन्याखाली लाल खुर्ची मांडायचे ते तुला आठवतच असेल. सांता व्हायचा तो दुकानाचा दारवान. तू दुसरीत गेलास त्या वर्षी तो चांदण्या टांगताना शिडीवरून घसरला आणि घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. बाकीची नोकरमंडळी सगळी काडीपैलवान. त्या दिवशी तुझे बाबा जेवायला घरी आले ते लाल अंगरखा हातावर टाकून. मी ताट वाढत होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, शिंपी बघतो तसं, आणि म्हणाले, दारवानाचं आणि तुझं माप एकच आहे. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या बारकाईनं त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मी चक्क नाही म्हटलं. देवाचं नाव घेणाऱ्या बाईनं दाढी लावून पोरांना फसवायचं, हे जमायचं नाही. ते म्हणाले, फसवू नकोस, नुसती बस. मालकांची अब्रू आहे, दीडशे पोरं रांगेत उभी आहेत. मग मी देवाशी बोलून अट घातली, की तोंडातून एक शब्द काढणार नाही. म्हणून आपला सांता मुका होता, बाळ. आवाजानं ओळखतील हे खरं, पण त्याहून मोठं कारण हे होतं. मान डोलावली तरी कबूल केल्यासारखं होतं, म्हणून मानही हलवायची नाही. पोरानं कानात सांगायचं, मी वहीत लिहून घ्यायचं, आणि पोराच्या हातात घडीची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर काय असायचं ते तुला सांगायला नको. ऐकलं, लिहून घेतलं. त्यात खोटा काना मात्रा नाही. ऐकलेलं असायचं आणि लिहिलेलंही असायचं. संध्याकाळी आईबाप हळूच वर येऊन विचारायचे, तुझे बाबा वहीतून वाचून दाखवायचे, ज्याला परवडेल तो घ्यायचा. मालक इतके खूश झाले की दारवानाचा घोटा बरा झाला तरी त्याला पुन्हा बसवलंच नाही. आई डिसेंबरात दुकानात लिहायला जाते असं तुला सांगितलेलं होतं. तेही खरंच होतं.

तू तुझ्या बाबांचं बोट धरून रांगेत यायचास तेव्हा माझ्या दाढीआड घाम फुटायचा. दुसरीत दुर्बीण मागितलीस. तिसरीत खरी दुर्बीण मागितलीस, कारण पहिलीतून काहीच दिसत नव्हतं. चौथीत मात्र तू कानाशी आलास, इकडे तिकडे पाहिलंस आणि म्हणालास, मला काही नको, फक्त माझ्या आईला सांगा की माझे केस तिनं घरी कापू नयेत, वर्गात मला झाडू म्हणतात. मी लिहून घेतलं. काय करणार, न्हाव्याचे पैसे वाचवत होते आणि मला वाटायचं छान कापते. पुढच्या महिन्यापासून तुला न्हाव्याकडे पाठवलं, आणि पोराच्या मनातलं आपोआप ओळखणारी आई म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. पाचवीत तुझ्या बाबांचा आणि माझा अबोला चालला होता, शिवणयंत्रावरून, आता हसू येतं. तू येऊन सांगितलंस, आई बाबांशी भिंतीला सांगून बोलते, भिंतसुद्धा कंटाळली आहे. त्याच संध्याकाळी मी अबोला सोडला. सहावीत गणितात नापास झालास ते मला आधी सांताकडून कळलं, म्हणजे माझ्याचकडून. प्रगतिपुस्तक घरी येईस्तोवर माझा सगळा राग ओसरून गेला होता. मी मॅट्रिकला गणितात पहिली आलेली, आणि तुला शांतपणे म्हटलं, होतं असं. तुझ्या बाबांनी माझं कपाळ तापलंय का ते हात लावून पाहिलं.

एक कबूल करते, रागावू नकोस. मला तेव्हा काळजी लागली होती. अकरा वर्षांचं घोडं झालं आणि अजून सांतावर भरवसा ठेवून घरातलं सगळं सांगतं, हा पोरगा भोळसट निघणार, जगात ह्याचं कसं व्हायचं, असं मी तुझ्या बाबांना म्हणायचे. ते सुई दातात धरून नुसते हसायचे.

आता बुधवारची गोष्ट. ठकीच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर चार कागद समोर असावेत, म्हणून मी माळ्यावरून तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवला. मी नाही, शेजारच्या सुतारकाकांनी उतरवला, काळजी करू नकोस. गोट्या, तुटकं भिंग, आणि खाली रबर लावून सहाही चिठ्ठ्या. पहिली तशीच चिकटलेली. बाकीच्या पाच उघडलेल्या.

तुला माहीत आहे, मला कागद वाया गेलेला बघवत नाही. मालक चिठ्ठ्यांसाठी कोरी रंगीत कार्डं देत होते, मी परत केली. वर्षभर घरी आलेली पाकिटं मी कडेनं सोडवायचे, उलटी करायचे, आतली कोरी बाजू वर घेऊन घडी घालायचे आणि पिठाच्या खळीनं चिकटवायचे. किती नीटनेटकं, किती काटकसरीचं, म्हणून मिरवत होते. आणि बाळ, तीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की वरची बाजू आत गेली म्हणजे ती नाहीशी होत नाही. तिसरीच्या चिठ्ठीच्या आत तुझ्या बाबांचं पूर्ण नाव, आपला घरनंबर, मागचा जिना. वीजबिलाचं पाकीट होतं. आणि त्या पत्त्याखाली पेन्सिलीनं, तुझ्या तेव्हाच्या मोठमोठ्या अक्षरात, इयत्ता तिसरी, कोणाला सांगायचं नाही.

मी माळ्याच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि एकटी हसले. सुतारकाका विचारत होते, वहिनी, बरं वाटत नाहीये का. म्हणजे चौथी, पाचवी, सहावी, सगळं तू दाढीआड मीच आहे हे माहीत असताना सांगितलंस. झाडूही आणि भिंतही. भोळसट कोण होतं घरात, ते कळलं.

मग आणखी एक लक्षात आलं आणि हसू पार थिजलं. चिठ्ठ्या काय तुला एकट्याला दिल्या होत्या? दर वर्षी दीडशे. दीडशे पोरांच्या खिशात आपला घरनंबर. आपल्या कोपऱ्यावरचा औषधवाला, तेव्हाचं शेंबडं पोर, आज टक्कल पडलं त्याला. गेली कित्येक वर्षं मी औषधांची यादी सांगितली की तो मान न वर करता म्हणतो, ऐकलं, लिहून घेतलं. मला वाटायचं, गिऱ्हाइकाशी बोलायची त्याची पद्धत आहे. काल मुद्दाम गेले आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. तो म्हणाला, काकू, फार उशीर केलात, आम्ही पैज लावून बसलो होतो. बँकेतली ती चष्मेवाली, शाळेचे नवे हेडमास्तर, सगळे सामील. माझ्या नाकाखाली अख्खी आळी तीस वर्षं गप्प बसली. मुका सांता मी एकटीच नव्हते म्हणायचं.

आता शेवटच्या चिठ्ठीबद्दल लिहायचं आहे. सातवीत तू आलास तेव्हा तुझ्या ओठांवर काळी रेघ उमटायला लागली होती. लहान पोरांच्या रांगेत वाकून उभा होतास. कानाशी येऊन म्हणालास, पुढच्या वर्षी मी येणार नाही, मोठा झालो. तुम्ही उठताना कमरेवर हात ठेवता, त्या खुर्चीत उशी घेत जा. मी तेही वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, कोण कुठला परका म्हातारा, त्याच्या कमरेचीसुद्धा ह्याला काळजी, देवानं गुणी लेकरू दिलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर उशी होती, तुझ्या अभ्यासाच्या खुर्चीवरची, निळ्या चौकटीची. मी समजले तुझ्या बाबांनी आणली. तसं त्यांना म्हटलंही, आणि ते जाईपर्यंत त्या उशीचं श्रेय त्यांनी खुशाल घेतलं. एकदा तरी नाही म्हणायचं. भेटतील तेव्हा विचारणार आहे.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. सोबत ठकीसाठी एक चिठ्ठी घातली आहे. सांताच्या नावानं आलेला अर्ज आहे, पोच द्यायलाच हवी. वर लिहिलंय, ऐकलं, लिहून घेतलं. खाली तिच्या प्रश्नाचं उत्तर, तुझ्या बाबानं शेवटी काही मागितलं नाही, एक उशी दिली. ह्यात खोटं काही नाही. चिठ्ठी तिच्याच पाकिटाची केली आहे, उलटून. आत तिच्याच अक्षरात माझं नाव आणि माझा पत्ता आहे, आणि मांजरही आहे. तिला उघड म्हणून सांगू नकोस, नको उघडू असंही सांगू नकोस. खळ मी मुद्दाम पातळ केली आहे. तुला मी काही सांगितलं नव्हतं, तुझं तूच शोधलंस आणि मग माझी चार वर्षं काळजी घेतलीस. तिलाही तेवढं मिळू दे. मालकांची मुलगी यंदा खुर्ची पुन्हा मांडते आहे आणि तिनं मलाच विचारलं आहे. मी म्हटलं, गुडघे चालतील पण आता लिहायला डोळे पुरत नाहीत, मदतनीस मिळाली तर बसेन. मदतनिसाला अक्षर हवं, गप्प बसता यायला हवं, आणि गरज पडली तर डबाही फेकता यायला हवा. लाल कापडाचा उरलेला तुकडा तुझ्या बाबांनी घडी घालून ठेवलेला सापडला आहे, एक छोटी टोपी सहज होते. तिनं चिठ्ठी उघडली की नाही तेवढं कळव, आणि उघडली असेल तर डोक्याचं माप घेऊन, कानाच्या वरून, उलट टपाली पाठव. तिकीट पुरेसं लाव.

तुझीच,
आई